वर्गातला सहभाग

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दहावी ‘ब’चे अंतर्गत गुण संगणकावर चढवायचं काम क्षमाकडे आलं. वर्गशिक्षिका तीच होती. शाळा केंद्र सरकारची, चेन्नईच्या उत्तर भागातली; मुलं रेल्वेवाल्यांची, बंदरातल्या नोकरदारांची, बँकांमध्ये बदलून आलेल्यांची. प्रत्येक विषयाचे ऐंशी गुण बोर्डाच्या परीक्षेचे आणि वीस शाळेच्या हातातले. ते वीस चार रकान्यांत वाटलेले असत: चाचणी, वही, प्रकल्प आणि वर्गातला सहभाग, प्रत्येकी पाच. सहसा कुणालाच सतराच्या खाली मिळत नसत. शाळेचा निकाल चांगला दिसावा म्हणून सगळेच शिक्षक हात सैल सोडत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

बुधवारी दुपारी सामाजिक शास्त्रांचा कागद समोर ठेवून क्षमा एकेक आकडा भरत होती. एकोणीस, अठरा, वीस, एकोणीस. मग शमीमाच्या नावापुढे अकरा. घाईत अठराचे अकरा झाले असणार असं तिला वाटलं, म्हणून तिने रकाने पाहिले. चाचणी पाच, वही तीन, प्रकल्प दोन, वर्गातला सहभाग एक. बेरीज बरोबर होती.

शमीमा वर्गात पहिल्या चारांतली. वडील बंदरात टगबोटीवर काम करायचे, घर एन्नोरला. तिथून ट्रेनने आणि पुढे बसने ती रोज यायची आणि क्वचितच उशीर करायची. क्षमाच्या हिंदीच्या तासाला उत्तर येत असलं की आधी मान खाली घालून हसायची आणि मग हात वर करायची. अशा मुलीला सहभागाचा एक?

कागदावर सही शेषगिरी सरांची होती, म्हणून तर क्षमाला चूक झाली असेल असंच वाटलं. शेषगिरी राव तंजावरकडचे मराठी. घरात तीनशे वर्षांपूर्वी आलेली भाषा अजून चालू होती, तमिळ हेल लागलेली, मध्ये मध्ये तमिळ शब्द पडलेली. सहा वर्षांपूर्वी क्षमाची जालन्याहून बदली झाली तेव्हा तिला या शहरात रिक्षावाल्याला डावीकडे वळ म्हणून सांगता येत नव्हतं. कोळत्तूरमधलं घर सरांनी शोधून दिलं. नवरा उमाकांत याची बँकेतली बदली व्हायला पुढे आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत मुलगी निधी आजारी पडली, तेव्हा सरांची बायको भवानी मामी तीन रात्री दवाखान्यात बसली. निधी त्यांना ताता आणि पाटी, म्हणजे आजोबा आणि आजी, म्हणे. क्षमाला या गावात कुणी माणूस असेल तर ते हे दोघे. सरांना निवृत्त व्हायला साडेतीन महिने राहिले होते आणि शाळेचे परीक्षाप्रमुखही तेच होते.

ती कागद घेऊन परीक्षा विभागाच्या खोलीत गेली. सरांनी चष्मा वर केला, कागद पाहिला आणि परत दिला. चूक नाही म्हणाले. बरोबर आहे ते, भरून टाका. एवढं बोलून ते प्रश्नपत्रिकांची पाकिटं मोजायला लागले.

प्रकल्प कपाटात ठेवलेले असत. क्षमाने शमीमाचा काढला. एन्नोरच्या खाडीवर होता. हाताने काढलेला नकाशा, त्यावर मासेमारांची गावं, वीजकेंद्रांची राख कुठे कुठे साचते त्याच्या करड्या रेघा. सहा म्हाताऱ्या कोळ्यांशी बोलून पूर्वी कुठला मासा कुठे मिळायचा याचा तक्ता. एका पानावर प्लॅस्टिकच्या लहान पिशवीत खरोखरची राख चिकटवलेली. शेवटच्या पानावर लाल शाईत सरांचा शेरा: ‘विषय राजकीय आहे.’ त्याच गठ्ठ्यात कौशिकचा प्रकल्प होता. इंटरनेटवरून उतरवलेली नऊ पानं. एका पानाच्या तळाशी मूळ संकेतस्थळाचा पत्तासुद्धा तसाच राहिला होता. कौशिकला पाचपैकी पाच.

तिने पूर्ण यादी पुन्हा पाहिली. चाळीस मुलांत चौदाच्या खाली तीनच नावं होती. शमीमा, इम्रान आणि जोशुआ.

मग तिला काही गोष्टी आठवायला लागल्या, आणि त्या नवीन नव्हत्या. मध्ययुगाचा धडा आला की सर हसत म्हणायचे, शमीमा, तुझ्या सुलतानांबद्दल तूच सांग. वर्ग हसायचा, शमीमाही हसायची, उभी राहायची आणि व्यवस्थित उत्तर द्यायची. सर हा किस्सा स्टाफरूममध्ये रंगवून सांगत. सगळे हसत. क्षमाही हसली होती, एकदा नाही, अनेकदा. सर त्या पोरीला लाडाने बोलतात असंच तिने धरलं होतं.

गुण पक्के करायची मुदत शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत होती. त्यानंतर बोर्ड यादी बंद करतं आणि मग ती कुणालाच उघडता येत नाही.

गुरुवारी संध्याकाळी ती निधीला स्कूटरवर मागे बसवून सरांच्या घरी गेली. मामींनी दारातच निधीला ओढून आत नेलं आणि डोसे घालायला घेतले. सर झोपाळ्यावर बसले होते. क्षमाने आडवळण न घेता विचारलं. शमीमाला कमी का? इम्रानला, जोशुआला का?

सर रागावले नाहीत. ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

“मी त्या पोरीचें वाईट चिंतिलें नाहीं, क्षमाबाई,” ते म्हणाले. “चिंतिलें असेल तर देव बघून घेईल. पण ती सकाळीं प्रार्थनेस उभी राहते आणीक ओठ हालवीत नाहीं. तीन वर्षें बघतों मी. हात जोडीत नाहीं. त्या दोघांचें पण तेंच. सहभाग म्हणतात तो हाच कीं नाहीं?”

“तो वर्गातला सहभाग आहे, सर. प्रार्थनेतला नाही.”

“शाळा एकच आहे.”

तिने प्रकल्पाचं काढलं. ते म्हणाले, पंधरा वर्षांच्या पोरीस राख दिसते, त्याच वीजकेंद्रामुळे घरात दिवा लागतो तो दिसत नाही. हें कुणीतरी शिकवून पाठवलेलें आहे. आपण मुलांस देशाविषयीं भक्ति शिकवावी कीं तक्रार? आणि हे सगळं ते इतक्या शांतपणे, इतक्या खात्रीने बोलत होते, की क्षमाला मध्येच वाटून गेलं, आपलंच काही समजण्यात चुकत नाही ना. हाच माणूस त्या तीन रात्री दवाखान्याच्या फाटकाशी उभा राहून औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन पळाला होता.

ती म्हणाली, तुम्ही बदल केला नाहीत तर मला प्राचार्यांना लेखी द्यावं लागेल.

सरांनी झोपाळा पायाने थांबवला.

“सरी, ठीक आहे. द्या. तुमचा हक्क आहे. पण देण्याआधीं तुमची हिंदीची यादी काढून बघा. माझ्याकडे सगळ्यांच्या याद्या येतात, मी बघितलें आहे. ती कयल्विळी. तिला तोंडी परीक्षेस एक कसा पडला? तिचें हिंदी मी ऐकलें आहे. माझ्यापेक्षां चांगलें आहे.”

 क्षमा म्हणाली, ते वेगळं आहे.  कसं वेगळं, हे सरांनी विचारलं नाही. मामींनी डोसे आणून ठेवले आणि खाल्ल्याशिवाय त्यांना सोडलं नाही.

परत येताना सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा क्षमाने मागे न बघता निधीला विचारलं, कयल्विळी तुझ्या ओळखीची आहे का? निधी आठवीत होती. दोघी शाळेच्या कबड्डीच्या संघात होत्या.

“आहे की,” निधी म्हणाली. “का?”

“मी तिच्याशी कशी वागते, असं मुलं म्हणतात?”

 सिग्नल सुटला. मग हॉर्नच्या आवाजात निधी कानाशी येऊन म्हणाली, “आई, तुला ती आवडत नाही हे सगळ्यांनाच माहीत आहे. त्यात विचारण्यासारखं काय?”

घरी येऊन क्षमाने लॅपटॉप उघडला. हिंदीला सहभागाच्या जागी तोंडी परीक्षा होती. कयल्विळीला चाचणीत पाच, वहीत चार, प्रकल्पात तीन, तोंडी एक. तेरा. तिच्या वर सोळाचे दोन आकडे होते: सेंगुट्टुवन आणि इलक्किया. बाकी सगळी मुलं अठराच्या पुढे. तिन्ही नावं शुद्ध तमिळ, तमिळाभिमानी घरांत ठेवतात तशी, ज्यांचा उच्चार करताना तिची जीभ अडखळायची.

कयल्विळीला ती पहिले सहा महिने कायल म्हणत असे. एके दिवशी मुलगी उभी राहून म्हणाली होती, मॅडम, माझं नाव कयल्विळी आहे. उद्धटपणे नाही. पण वर्गात दोघेतिघे हसले होते. नंतर पालकसभेत तिचे वडील आले. कुठल्याशा कामगार संघटनेत होते, हिंदीविरोधी द्रविड चळवळीतले घालतात तसा काळा शर्ट घातलेला. ते इंग्रजीत, फार सभ्यपणे म्हणाले, मॅडम, पास होण्यापुरतं हिंदी माझी मुलगी शिकेल, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. शेजारच्या खुर्च्यांवरचे पालक हसले. क्षमा त्या रात्री उमाकांतला म्हणाली होती, ह्या लोकांना आपण काय यांचं घर लुटायला आलोय असं वाटतं. या वाक्यातलं ‘ह्या लोकांना’ तिला आता ऐकू आलं.

तोंडी परीक्षेत तिने कयल्विळीला काय विचारलं होतं? पाच वाक्यं आपल्या गावाबद्दल. मुलगी बोलली होती. चांगली बोलली होती की वाईट हे क्षमाला काही केल्या आठवेना. तिने तेव्हा ऐकलंच नव्हतं. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, भाषेविषयी अनास्था.

उमाकांत जेवण आटोपून बातम्या बघत होता. तिने त्याला सगळं सांगितलं, सरांचंही आणि स्वतःचंही. तो म्हणाला की तुझे गुण तू गुपचूप नीट कर आणि सरांच्या भानगडीत पडू नकोस. माणूस चार महिन्यांत घरी जाईल, पुढच्या वर्षी कुणी दुसरं असेल. ती म्हणाली, शमीमाचं पुढचं वर्ष याच वर्षावर आहे. अकरावीला विज्ञानाच्या चाळीसच जागा असतात.  त्याने टीव्हीचा आवाज कमी केला.

तिने ठरवलं, सकाळी दोन्ही एकदमच करायचं. आपली तिन्ही नावं सुधारायची आणि त्याच वेळी प्राचार्यांकडे सरांच्या तिघांचं मांडायचं. आधी स्वतःचं सुधारून मग दुसऱ्याकडे बोट दाखवणं तिला चोरासारखं वाटत होतं. आपलं लपवून झाल्यावर ती कुठल्या तोंडाने बोलणार? तेव्हा तिला हे बरोबर वाटलं. पुढे कितीतरी दिवस ती याच एका गोष्टीसाठी स्वतःला बोलत राहिली, की त्या रात्री लॅपटॉप समोर उघडा होता आणि दोन मिनिटांचं काम होतं.

प्राचार्य नारायणस्वामी सकाळी तपासणीला आलेल्या पथकाबरोबर अडकलेले होते. त्यांनी तिला बारा वाजता आत बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही अडवलं नाही. क्षमाने शमीमाचा प्रकल्प टेबलावर ठेवला. त्यांनी पानं उलटली, राखेच्या पिशवीवर बोट फिरवलं.

मग ते म्हणाले की प्रकल्प चांगला आहे, यात वाद नाही. पण गुण विषयशिक्षकाचा असतो. प्राचार्यांनी तो बदलला तर उद्या प्रत्येक पालक दारात उभा राहील. तुम्हाला लेखी तक्रार करायची तर करा. मग चौकशी लावावी लागेल, चौकशी संपेपर्यंत दहावी ‘ब’ची यादी अडकेल आणि यादी वेळेत गेली नाही तर चाळीसच्या चाळीस मुलांचा निकाल अडकेल. तुम्ही कयल्विळीचं सांगता तेही त्यात येईल. ही जबाबदारी तुम्ही घेणार का?

“सर, मी माझे तीन तरी सुधारते. ते माझेच आहेत.”

“छापील यादीवर तुमची सही झालेली आहे. आता बदललं तर कारण लिहावं लागेल. काय कारण लिहिणार?”

 ती म्हणाली की खरं तेच लिहीन.

 त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, एक प्रकारची दमणूक होती. ते म्हणाले, शेषगिरींशी मी बोलतो, तुम्ही अडीचपर्यंत थांबा. तोवर कशाला हात लावू नका.

ती थांबली. सातवीचा एक तास घेतला, त्यात काय शिकवलं ते तिला नंतर सांगता आलं नसतं. अडीच वाजता तिने प्राचार्यांच्या दाराशी जाऊन पाहिलं, ते तपासणीवाल्यांबरोबर प्रयोगशाळेत होते. परीक्षा विभागाच्या खोलीला कुलूप होतं. पावणेतीनला ती स्टाफरूममध्ये येऊन संगणकासमोर बसली. प्राचार्य काहीही म्हणोत, आपले तीन आकडे बदलायचे आणि कारणाच्या जागी ‘मूल्यमापनातील चूक’ लिहायचं, असं तिने मनाशी म्हटलं. तिने दहावी ‘ब’ उघडली. पानावर हिरव्या पट्टीत लिहून आलं की यादी पक्की करण्यात आली आहे. वेळ: दुपारी एक वाजून बावन्न मिनिटं. प्राचार्यांच्या खात्यातून.

तिने तरीही कयल्विळीच्या तेरावर बाण नेऊन दोनतीनदा दाबलं. आकडा हलला नाही.

संध्याकाळी नारायणस्वामींनी तिला सांगितलं की अशा बाबतीत उशीर न केलेला बरा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सरांशी ते बोलले होते का, हे तिने विचारलं. ते म्हणाले, हो, बोललो. त्यांना त्यांचे गुण योग्य वाटतात.

मार्चमध्ये बोर्डाचे पेपर चालू असताना क्षमाने विभागीय कार्यालयाला पत्र लिहिलं. सहा नावं लिहिली. तीन सरांची, तीन आपली. आपल्या तिघांबद्दल तिने स्पष्ट लिहिलं की हे गुण देताना माझ्या मनात त्या मुलांच्या घरच्या राजकीय मतांबद्दल आकस होता आणि मी त्यांची तोंडी परीक्षा नीट ऐकली नाही. उमाकांतने पत्र वाचलं आणि हे शेवटचं वाक्य काढ म्हणाला. तिने नाही काढलं. सरांना तिने स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि मामींना कॉफी आणायला सांगितलं. कॉफी झाल्यावर ते म्हणाले, “पावम, तुम्हास फार त्रास होतो आहे.” त्या ‘पावम’मध्ये, म्हणजे ‘बिचारी’मध्ये, कुजकेपणा नव्हता. त्यांना खरंच तिची कीव येत होती.

एप्रिलच्या शेवटी उत्तर आलं. अंतर्गत गुण एकदा पक्के झाले की त्यात बदलाची तरतूद नाही. श्री. शेषगिरी राव यांच्याबाबतच्या आरोपांना पुष्टी देणारा पुरावा आढळला नाही. संबंधित शिक्षकांनी गुण गुणवत्तेनुसारच दिल्याचं कळवलं आहे. श्रीमती क्षमा यांनी मात्र स्वतःच लेखी कबुली दिलेली असल्याने त्यांच्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

तिने खुलासा केला. तिला ताकीद मिळाली, कागद सेवापुस्तकात लागला. पुण्याकडे बदलीसाठी दोन वर्षांपूर्वी केलेला अर्ज त्यामुळे बाजूला पडला, असं कार्यालयातल्या कारकुनाने तिला हळूच सांगितलं. स्टाफरूममध्ये काही जण तिच्याशी जपून बोलायला लागले. एकदोघी म्हणाल्या, अगं, कशाला लिहून दिलंस. सगळेच थोडंफार करतात. आणि ते खरं होतं, हेच तिला सोसवत नव्हतं.

सरांचा निरोपसमारंभ मेच्या शेवटी झाला. हॉल भरला होता. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे विद्यार्थी सिरुसेरीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतून रजा काढून आले होते. कुणी रडलं. क्षमाही गेली आणि मागच्या रांगेत बसली. सर भाषणात तिचं नाव घेऊन म्हणाले, ही आमची धाकटी बहीण, महाराष्ट्रातून आलेली. तिला टाळ्या वाजवाव्या लागल्या.

दहावीचा निकाल त्याआधीच लागला होता. विज्ञानाची यादी चारशे बावन्न गुणांवर थांबली. शमीमाला चारशे सत्तेचाळीस होते. सामाजिक शास्त्रांत बोर्डाच्या लेखी परीक्षेत तिला ऐंशीपैकी अठ्ठ्याहत्तर पडले होते. सतरा अंतर्गत गुण मिळाले असते तरी ती यादीत होती. कौशिक यादीत होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळा सोडल्याचे दाखले द्यायला क्षमाला बोलावलं. कयल्विळी पहिल्याच दिवशी आली, एकटीच. तिला चारशे एकसष्ट होते, जागा मिळाली असती, पण तिचं राज्य मंडळाच्या शाळेत नाव घातलं होतं. क्षमाने दाखल्यावर सही केली. तिने मुलीला बसायला सांगितलं. मग तमिळमध्ये, अडखळत, जसं जमेल तसं सांगितलं की तोंडी परीक्षेत मी तुला कमी गुण दिले, ते चूक होतं, मी ते सुधारू शकले नाही.

कयल्विळीने ऐकून घेतलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

“कोई बात नहीं, मैडम,” ती म्हणाली. “मुझे पता था. मैंने उस दिन अपने गाँव के मेले के बारे में बताया था, और आप खिड़की के बाहर देख रही थीं।”

एकही चूक नव्हती. उच्चारसुद्धा क्षमाच्या उच्चारापेक्षा स्वच्छ होता. मुलीने दाखला घेतला, नीट घडी केली आणि गेली.

शमीमा गुरुवारी आली, आईबरोबर. एन्नोरच्या जवळच्या एका शाळेत तिला वाणिज्य शाखा मिळाली होती. तिची आई क्षमाचे दोन्ही हात धरून तमिळमध्ये बराच वेळ बोलत राहिली. या शाळेने आमच्या मुलीला घडवलं, सगळे शिक्षक देवमाणसं, आमच्या नशिबात विज्ञान नव्हतं, तर तुम्ही तरी काय करणार. शमीमाने विचारलं की शेषगिरी सर आज येणार आहेत का. ते पेन्शनच्या कागदांसाठी कार्यालयात आलेले होते. क्षमाने ते सांगितलं तशी ती पळतच गेली.

काचेच्या दारातून क्षमाला दिसत होतं. शमीमा वाकून नमस्कार करायला गेली, सरांनी तिला अर्ध्यात थांबवलं आणि डोक्यावर हात ठेवला. ते बराच वेळ तिच्याशी बोलले. मग स्वतःच्या पिशवीतून एक जुना, कडा झिजलेला नकाशासंग्रह काढून तिला दिला. ती परत आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. ती म्हणाली, सरांचा स्वतःचा आहे, कॉलेजपासूनचा. सरांमुळेच मला इतिहास आवडायला लागला.

क्षमाने दाखला भरायला घेतला. जन्मतारीख, वडिलांचं नाव, वर्तणूक. वर्तणुकीपुढे तिने ‘उत्तम’ लिहिलं. शमीमा टेबलापाशी नकाशासंग्रह छातीशी धरून उभी होती. आई बाहेर पाणी प्यायला गेल्यावर तिने हळू आवाजात विचारलं,

“मॅडम, सामाजिक शास्त्रांत मला अकराच का मिळाले? मी कुठे कमी पडले?”

क्षमाने मान वर केली. काचेपलीकडे सर कारकुनाच्या टेबलाशी वाकून सह्या करत होते. कयल्विळीला सांगता आलं होतं, कारण ते आपलं होतं. हे दुसऱ्याचं होतं, आणि मुलीच्या हातात त्याच माणसाचं पुस्तक होतं, आणि आता काही बदलणार नव्हतं. सांगितलं तर ती सोळाव्या वर्षी काय घेऊन जाईल, आणि नाही सांगितलं तर काय घेऊन जाईल, याचा हिशेब क्षमाला लागेना. तिला खरं बोलायचं होतं. तोंड उघडलं तेव्हा बाहेर आलं ते असं:

“वर्गातला सहभाग थोडा कमी पडला. पुढे वर्गात जरा जास्त बोलत जा.”

शमीमा विचारात पडली. आपण कधी बोललो नाही ते आठवायचा ती खरोखर प्रयत्न करत होती. मग म्हणाली, “मी बोलायचे, मॅडम. पण ठीक आहे. आता जास्त बोलेन.”

तिची आई परत आली. क्षमाने सही केली, शिक्का मारला आणि दाखला तिच्यापुढे सरकवला. रांगेत पुढे इम्रानचे वडील उभे होते.